उजव्या कानातले ठोके

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते, पाऊस लागतो, लांब कुठंतरी कुत्रं रडावं लागतं. माझ्याजवळ यातलं काहीच नाही. ही गोष्ट भिलाईच्या मे महिन्यातली, तीही भर दुपारची, आणि सुरू होते ती एका कुरिअरच्या दुकानात. दिवा लावायचाच असेल तर लावा बुवा, पण त्यानं फार फरक पडेल असं मला वाटत नाही.

शेषराव कोहक्याला राहतात. वय एकसष्ट, मूळ गाव लाखनीकडचं, सगळी हयात भिलाईच्या लोखंड-मिलांतल्या मोटारी आणि स्विच सांभाळण्यात गेली. त्यांचा मुलगा राजदीप पुण्याला नोकरीला. त्यानं बापासाठी पार्सल पाठवलं, आणि कुरिअरवाल्यानं नेहमीप्रमाणे घर सापडत नाही म्हणून फोन केला. नेहरू नगरच्या दुकानातून येऊन घेऊन जा म्हणाला. शेषरावांनी त्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले, डोक्याला गमछा गुंडाळला आणि उन्हातान्हात स्कूटीवरून जाऊन खोकं घेऊन आले.

खोक्यातून निघाला एक मोठा हेडफोन आणि काडेपेटीएवढी एक काळी डबी. डबीला आवाजाचं बटण, बाजूला एक इवलासा खटका, दोन भोकं, एक निळा दिवा. एवढंच.

"हे काय पाठवलं रे?" त्यांनी पोराला फोन लावला.

"बाबा, ते डॅक आहे. मोबाइलमध्ये गाना आकड्यांमध्ये राहते. ही डबी त्या आकड्यांचा आवाज बनवते अन् मग त्याले जोर देते. तुमचा डावा कान तो बढिया है ना अजून? त्याले तरी साफ ऐकू येऊ द्या."

"अन् उजव्याले?"

"उजव्याले..." राजदीप अडखळला. "बॅलन्ससाठी राहू द्या."

शेषराव खो खो हसले. त्यांचा उजवा कान सव्वीस वर्षांपूर्वी गेला तो गेलाच. तीन डॉक्टर झाले, यंत्रावर तपासणी झाली. नस सुकली, आता या कानात तोफ उडवली तरी कळायचं नाही, असं शेवटच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. मिलच्या गोंगाटानं झालं, असं सगळ्यांनी धरून घेतलं. शेषरावांनीही तसंच धरलं, निदान लोकांसमोर.

पण त्या डबीनं कमाल केली हो! एका कानानं का होईना, चाळीस वर्षं ऐकलेली गाणी त्यांना नव्यानं ऐकू यायला लागली. तबलेवाला सम गाठण्याआधी श्वास घेतो. गाणारणीच्या मागं कुणीतरी पान उलटतं. एका गाण्यात तर कडवं संपल्यावर खुर्ची करकरली, आणि शेषराव आनंदानं ओरडले, "अवं बेबी, इकडे ये! हे पाय, खुर्ची!"

बेबीताई पोळ्या टाकत होत्या. त्या लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "मी घसा फाटेस्तोर हाका मारते ते तुमाले ऐकू येत नाही, अन् मेलेल्या गाण्यातली खुर्ची ऐकू येते! धन्य हाय बाप्पा तुमची."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, त्यांना ठोके ऐकू आले.

ठक. ठक. ठक. मग थांबा. मग पुन्हा तीन.

घाबरायचं सोडून त्यांना आधी गंमतच वाटली. माणूस मेंटेनन्सचा, फॉल्ट दिसला की हात शिवशिवणारच. त्यांनी गाणं बदललं, तरी ठोके होतेच. कूलर बंद केला, पंखा बंद केला. घामाच्या धारा लागल्या, ठोके चालूच. मोबाइलचं नेटवर्क घालवलं, वायर बदलून पाहिली. शेवटी मोबाइलची वायरच काढून टाकली. आता डबीत कुठलाही आवाज शिरायची सोय नव्हती, नुसता निळा दिवा जळत होता. ठक. ठक. ठक.

डबी बंद केली की ठोके बंद. हेडफोन काढला की बंद. म्हणजे फॉल्ट या दोघांतच, असं म्हणून त्यांनी हेडफोन उलटा घातला, डावी बाजू उजव्या कानावर आणि उजवी डाव्यावर. आणि तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं की इतका वेळ आपण भलतीकडेच शोधत होतो. कानावरची वाटी बदलली तरी ठोके बाजू बदलत नव्हते. ते उजवीकडूनच येत होते. सुकलेल्या नसेच्या कानातून.

शेषराव पलंगावर हळूच बसले. कान परत येतोय की काय, हा पहिला विचार. त्याच वेळी ठोके पुन्हा आले, आणि विचार करायच्या आत त्यांच्या हातानं आपलं काम केलं. बोटातल्या तांब्याच्या अंगठीनं त्यांनी पलंगाच्या लोखंडी पाईपवर दोनदा ठोकलं.

ठक. ठक.

कानातले ठोके थांबले. कुणीतरी सुटकेचा श्वास सोडावा तसं काहीतरी झालं आणि सगळं निवांत झालं.

"अजी, सिलिंडरवाला आला! उचलून आत घ्या ना!" बेबीताईंनी दारातून हातवारे केले. शेषरावांनी हेडफोन काढला, सवयीनं डबीचं बटण दाबून बंद केलं आणि उठले. सिलिंडर खांद्यावर घेऊन अर्ध्या अंगणात आले तेव्हा त्यांना कळलं आपण काय केलं ते. सिलिंडर खांद्यावरच घेऊन ते उन्हात तसेच उभे राहिले.

आता इथं मला थोडं मागं जावं लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल सिलिंडर उचलण्यात भिण्यासारखं काय आहे.

शेषराव चौतिशीत होते तेव्हा एका खासगी रोलिंग मिलमध्ये मोटारीच्या स्विचवर असत. तापलेलं लोखंड रोलांमधून लाटणारी छोटी मिल, कधीच बंद पडली, आता तिथं रिकामी जागा आहे. रोलच्या खाली एक पिट होता, म्हणजे भुयारच. तापलेल्या लोखंडाची काळी खपली पाण्याबरोबर वाहून तिथं साठायची. मिल थांबवून माणसं आत उतरायची, खपली काढायची. शेजारच्या मशिनी चालूच असल्यामुळे हाक ऐकू येणं शक्यच नसे. म्हणून ठोके. आतून तीन म्हणजे, आत माणूस आहे, स्विच देऊ नका, मिल सुरू करू नका. बाहेरून दोन म्हणजे, ऐकलं, मी स्विचपाशी आहे. आणि बाहेर आला की त्यानं पाईपवर एक ठोका द्यायचा आणि स्विचवाल्याच्या हाताला हात लावायचा. दोन ठोके देणारा बांधला गेला. हाताला हात लागेपर्यंत त्यानं जागा सोडायची नाही, लघवीलाही जायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण यात कसूर करणाऱ्याच्या डब्यातली भाकर कुणी खाल्ली नसती.

त्या दिवशी सफाई आटोपली होती. सफाईच्या गँगचे चौदाही जण चहाला बसलेले. आणि पिटातून तीन ठोके आले. शेषरावांनी दोन दिले आणि थांबले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. कुणी बाहेर आलं नाही. सुपरवायझर हजेरीचं रजिस्टर घेऊन आला, चौदा नावं वाचली, समोरची चौदा तोंडं दाखवली. लोखंड थंड होताना वाजतं, एवढंही माहीत नाही का, असं सगळ्यांसमोर म्हणाला. लोक हसले. शेषरावांनी स्विच दिला. रोल फिरले, खाली पाणी सुटलं.

पुढच्या आठवड्यात पिट उघडला तेव्हा खपलीशिवाय काही निघालं नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. ते त्या दिवशी रजेवर होते. रजा मुद्दाम घेतली होती. नंतर वर्षभरात उजवा कान गेला.

बायकोला त्यांनी यातलं अक्षरही कधी सांगितलं नव्हतं. आत कुणी होतं का? सत्तावीस वर्षं हा एकच प्रश्न त्यांच्या पानात वाढलेला असायचा. आणि आज त्यांनी पुन्हा दोन ठोके दिले होते आणि पुन्हा जागा सोडली होती.

जेवण गेलं नाही. दुपारी त्यांनी बळीरामला फोन लावला. बळीराम त्याच गँगमधला, आता सेक्टर दोनला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहतो.

"बळीराम, त्या दिवशी... पिटातून ठोके आले होते, आठवते का तुले?"

"आठवते ना. तुही लय फजिती झालती." पलीकडून हसू आलं, मग ते थांबलं. "कावून रे? आज कावून काढलं?"

"चौदाच होते ना तुमी?"

"चौदाच. मीच मोजलं होतं. फकिरा चौदावा, त्याचा कप फुटला म्हनून तो माह्या कपातून प्याला." बळीरामनं आवाज खाली आणला. "शेषराव, रात्री झोप नाही येत का तुले? मले बी कदीकदी नाही येत. पन होतो आमी चौदाच."

शेषराव डोळे मिटून चौदा जणांची तोंडं एकेक करून आठवत बसले. चौदाच भरत होती.

दुसऱ्या दिवशी बेबीताईंच्या बहिणीकडे, नेहरू नगरला, नातीचं बारसं होतं. शेषराव पोटाचं निमित्त काढून घरी राहिले. बेबीताईंनी डाळ-भात झाकून ठेवला, कूलरमध्ये पाणी भरलं, आणि जाता जाता नवऱ्याकडे निरखून पाहिलं. "काही लपवून राहिले काय तुमी?"

"लपवाले काय हाय? जा तू. उशीर होईल."

फाटक लागल्याचा आवाज आला. शेषरावांनी कूलर बंद केला, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला, पलंगावर मांडी घातली, डबी डाव्या हातात धरली. मोबाइल लावलाच नाही. डबी चालू केली.

ठोके लगेच आले. जणू कुणी हातात दगड घेऊन वाट पाहत बसलं होतं. आणि हो, दगडच होता. काल त्यांना फक्त ठक ऐकू आलं होतं. आज त्यांनी बाजूचा तो इवला खटका सरकवून जोर वाढवला, तेव्हा त्यांच्या कसबी कानाला कळलं की हा पाना नव्हे, हातोडी नव्हे. पान्याची ठोक कोरडी आणि टोकदार असते. ही दगडाची होती, जाड पत्र्यावरची. गँगमधला प्रत्येक जण पाना घेऊन उतरायचा. दगडानं ठोकणारा कोण? भीती होतीच, पण त्याहून जास्त कुतूहल होतं, खरं सांगतो.

त्यांनी पलंगाच्या पाईपवर दोन ठोके दिले. "हाय मी," ते पुटपुटले. "आता नाही हलत. ये तू."

बराच वेळ काही नाही. मग थेंब. पाणी ठिबकत होतं कुठंतरी, मोठ्या पोकळ जागेत. मग कुरकुर असा आवाज. खपलीवर पाय पडला की असाच आवाज होतो, ओल्या खपलीवर तर हमखास. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. पायात बूट नव्हते. शेषरावांच्या बंद खोलीत ओल्या गंजाचा आणि जळक्या तेलाचा वास भरला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता आणि तरी दंडावर काटा आला होता.

एक वाजला, दोन वाजले. पायांना मुंग्या आल्या. तांब्यातलं पाणी संपलं. फोन वाजला, पडद्यावर राजदीपचं नाव आलं आणि गेलं. त्यांनी हात लावला नाही.

तीनच्या सुमाराला पाऊल लोखंडी शिडीवर पडलं. शिडीला अकरा पायऱ्या होत्या, त्यांना पाठ होत्या. एक. मग कितीतरी वेळानं दुसरी. चढणाऱ्याच्या अंगावर काहीतरी ओझं असावं, कारण प्रत्येक पायरीला धाप ऐकू येत होती. "सावकाश," शेषराव म्हणत होते. "सावकाश ये. स्विच माह्याच हाती हाय... कोनी नाही देत स्विच."

सातव्या पायरीला डबीचा निळा दिवा लाल झाला. चार्जर पुढच्या खोलीत, टीव्हीजवळ. उठलं तर दहा पावलं. शेषराव उठले नाहीत. साधी गोष्ट आहे, पण ते दहा पावलं न जाणं त्यांना त्या दिवशी किती जड गेलं ते त्यांचं त्यांनाच माहीत. आठवी पायरी. लाल दिवा लुकलुकला, विझला.

डबी मेली. आवाज थांबला नाही.

नऊ. दहा. अकरा.

मग पाईपवर एक ठोका पडला, अगदी कानाशी. बाहेर आलो, असं सांगणारा.

आणि ठोक्याबरोबर किणकिण वाजली, बारीकशी. काचेच्या बांगड्यांची.

शेषरावांच्या तोंडून हुंदका फुटला. सत्तावीस वर्षं ते चौदा तोंडं मोजत होते, आणि चौदाही पुरुषांची होती. खपली फावड्यानं ओढायचे गँगवाले, पण टोपल्यात भरून डोक्यावरून वाहून न्यायच्या त्या रेजा, रोजंदारीवरच्या बाया. ठेकेदार खेड्यांतून गाडीत भरून आणायचा, संध्याकाळी परत सोडायचा. आज एकीनं यावं, उद्या दुसरीनं. त्यांची नावं कुठल्याच रजिस्टरात नसत. चहाला त्या वेगळ्या बसत, भिंतीपलीकडे. त्या दिवशी तिकडं कुणी मोजलं नव्हतं. सुपरवायझरनं नाही, बळीरामनं नाही. आणि शेषरावांनी तरी कुठं मोजलं होतं?

"माय..." ते रडत म्हणाले. "माय, चुकलो मी. ये, बाहेर ये. लाव हात. सुटली तू."

त्यांनी उजवा हात पुढं केला, पालथा, जसा मिलमध्ये करत तसा. वाट पाहिली.

हात लागला नाही.

धाप अजून ऐकू येत होती, इथंच, खोलीत. ती बाहेर आली होती आणि तरी हलत नव्हती. शेषरावांना कळेना. नियमानं ठोका दिला, मग हात का लावत नाही? कशासाठी थांबली?

मग खालून, शिडीच्या तळाकडून, ठोके आले. तीन नाहीत, दोन नाहीत. हलके, वेडेवाकडे, कितीतरी. आईनं ठोकताना पाहिलं आणि आपणही दगड उचलला, असे. ज्याला मोजता येत नाही त्याचे.

शेषरावांनी हेडफोन ओरबाडून काढला. ठोके तसेच चालू राहिले, उजव्या कानात, ठक ठक ठक ठक, खेळल्यासारखे. या ठोक्यांना काय उत्तर द्यायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी दोन दिले, पुन्हा दोन दिले, आणि मग वेड्यासारखे पाईपवर ठोकतच राहिले, अंगठी वाकेपर्यंत.

सहाला फाटक वाजलं. बेबीताई बारशाच्या घुगऱ्यांचा डबा घेऊन आत आल्या आणि दारातच थबकल्या. खोली भट्टीसारखी तापलेली, कूलर बंद, झाकलेला भात तसाच, आणि नवरा पलंगावर घामानं निथळत, विझलेली डबी मुठीत धरून, दुसरा हात पालथा पुढं करून बसलेला.

"अजी! काय झालं तुमाले? कावून असे बसून राहिले?"

"थांब." शेषराव कुजबुजले. ठोके नुकतेच थांबले होते. "बोलू नको... एक जन आत हाय अजून. लहान हाय."

"कोन आत हाय? उठा बरं, पानी प्या आधी."

बेबीताईंनी डबा टेबलावर ठेवला आणि त्यांच्याकडे यायला पाऊल उचललं. पण पदर मागून ओढला गेला आणि त्या पुढं येऊ शकल्या नाहीत. त्यांनी वैतागून, खिळ्यात अडकला असेल अशा समजुतीनं, मागं न पाहताच गुडघ्यापाशी हात नेला आणि पदर सोडवून घेतला. मग तोच हात डोळ्यांसमोर धरून त्या बघत राहिल्या. बोटं ओली होती.

"अवो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माहा पदर कोनं धरला होता?"